खाजनाचा बांध किती उंच करायचा? आकडा नक्की नसेल तर चूक कोणाच्या पदरात टाकायची?

मांडवीकाठ

खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) बांधाची दुरुस्ती निघाली की बैठकीत पहिला वाद उंचीवरून होतो. गोव्यात चोडण, दिवाडी, कुंभारजुवे घ्या किंवा खाली साष्टी घ्या, सगळीकडे तेच. एक बाजू म्हणते होता तेवढाच बांधा, दुसरी म्हणते मीटरभर चढवा.

समुद्र चढतोय यावर आता फारसा वाद उरलेला नाही. किती चढणार, यावर आहे. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या तज्ज्ञ मंडळाच्या, २०२१ च्या अहवालात एक आकडा नाही, पट्टे आहेत. १९९५ ते २०१४ च्या सरासरीवरून मोजले तर २१०० पर्यंत जगाची सरासरी पातळी, उत्सर्जन झपाट्याने उतरले तर २८ ते ५५ सेंटिमीटर वाढेल आणि फार वाढत राहिले तर ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर. वर अशीही नोंद आहे की बर्फाच्या प्रचंड थरांचे वागणे पुरते कळलेले नाही, म्हणून उत्सर्जन फार वाढल्यास २ मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही खोडून काढता येत नाही.

आता अंदाजपत्रकात तर एकच आकडा लिहावा लागतो. कोणता लिहायचा?

आणि मला त्याहून जास्त छळणारा प्रश्न असा: आकडा कमी धरला आणि चुकला, तर कुळाचे शेत खारट होते. जास्त धरला आणि चुकला, तर सरकारी पैसा मातीत जातो आणि त्याच पैशात झाला असता असा शेजारच्या गावचा बांध राहून जातो. दोन्ही चुका सारख्या नाहीत, आणि त्या भोगणारी माणसेही वेगळी आहेत. हे ठरवायचे कोणी?

आलेख

आधी एक गैरसमज काढूया. अहवालातला तो पट्टा म्हणजे खालची आणि वरची हद्द नव्हे. त्यांच्या भाषेत 'संभाव्य' म्हणजे खरा आकडा त्या पट्ट्यात पडण्याची शक्यता निदान ६६ टक्के. उरलेल्या तिसऱ्या हिश्शापर्यंतची शक्यता पट्ट्याबाहेर आहे, आणि वरच्या बाजूचे शेपूट खालच्यापेक्षा लांब आहे. 'जास्तीत जास्त १.०१ मीटर' असे टिपणात कोणी लिहिले असेल तर ते चूक आहे.

दुसरे, बांधासाठी २१०० कशाला पाहायचे? मातीचा बांध २५-३० वर्षांत पुन्हा हाताखालून जातोच. २०५० चे आकडे बघा: उत्सर्जन सर्वात कमी धरले तर १५ ते २३ सेंटिमीटर, सर्वात जास्त धरले तर २० ते २९. फरक फार थोडा, कारण तोपर्यंतची बरीचशी वाढ आधीच समुद्राच्या पोटात साठलेल्या उष्णतेने ठरून गेली आहे. म्हणजे बांधापुरती अनिश्चितता वाटते तेवढी मोठी नाही.

चिरेबंद

आलेखबाबांचे बरोबर. पण 'मीटरभर चढवा' म्हणणाऱ्यांनी मातीचा हिशेबही करून बघावा.

समजा बांध २ मीटर उंच, माथा दीड मीटर रुंद, दोन्ही बाजूंना उतार उंचीच्या दीडपट. तळ साडेसात मीटर होतो आणि छेदाचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. किलोमीटरभर बांधाला ९,००० घनमीटर माती. त्याच उतारावर उंची ३ मीटर केली की तळ साडेदहा मीटर आणि क्षेत्रफळ १८. उंची दीडपट, माती दुप्पट. नुसते ३० सेंटिमीटर वाढवले तर साधारण सव्वापट.

त्यात खाजनाखाली मऊ चिखल आहे. एका हंगामात मीटरभर भर टाकली की खालचा चिखल बाजूला सरकतो, बांध खचतो नाहीतर कुशीतून घसरतो. म्हणून थर द्यायचे, एक थर बसू द्यायचा आणि मग दुसरा. माती बांधाच्या पायथ्याशी खणून घेणे हा सर्वात मोठा गुन्हा: पायथ्याचा आधारच जातो. ती मागे, आतल्या बाजूला लांबून घ्यावी. नदीकडच्या अंगाला चिऱ्यांची पिचिंग (दगडी अस्तर) लावताना मागे बारीक खडीचा थर हवा, नाहीतर लाटा चिऱ्यांच्या फटींतून माती चोखून नेतात आणि वरून धड दिसणारा बांध आतून पोकळ होतो.

पाटाचे पाणी

उंचीची चर्चा करताय तर कृपया शून्य कुठले धरले ते आधी लिहा. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची नाविक नकाशाच्या शून्यापासून असते, भूमापनाची पातळी सरासरी समुद्रपातळीपासून. दोन्हींत मीटरहून जास्त फरक आहे. तक्त्यातला आकडा उचलून सर्वेच्या नकाशावर ठेवला, तर हवामान बदलाच्या सगळ्या अनिश्चिततेहून मोठी चूक पहिल्याच ओळीत होते.

मांडवीकाठ

हे सोन्याचे वाक्य आहे. पुढच्या बैठकीत पहिल्यांदा हेच विचारायला हवे.

कोरगुट

माझे मत थोडे वेगळे. खाजनाचे मरण बांधाच्या माथ्यावरून येत नाही, मानशीतून येते.

नवख्यांसाठी: मानस म्हणजे बांधातला दरवाजा. चिऱ्यांचे बांधकाम आणि वरून टांगलेली लाकडी झडप. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. शेत भरतीच्या पातळीखाली असते, त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर काढायला तेवढी ओहोटीच हाताशी.

समुद्र २५ सेंटिमीटर चढला तर काय होते ते मांडतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून भरती-ओहोटी एकसारख्या लाटेची धरली आहे आणि आतले पाणी सरासरी समुद्रपातळीच्या २० सेंटिमीटर खाली राखायचे आहे. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक २ मीटर धरला, तर झडप एका ओहोटीत सुमारे ५.४ तास उघडी राहते. समुद्र २५ सेंटिमीटर चढल्यावर ४.४ तास. चालून जाईल. आता भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, फरक १ मीटर धरा. आज ४.६ तास, चढल्यावर १.८ तास. आणि त्या १.८ तासांतही आतबाहेरच्या पातळीत जास्तीत जास्त ५ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे पाणी धावत नाही, रांगते.

५० हेक्टर खाजनावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० घनमीटर, डोंगराकडून उतरणारे वेगळेच. एक मीटर रुंद, एक मीटर उंच दारातून १५ सेंटिमीटर फरकावर तासाला सुमारे ३,७०० घनमीटर जातात. म्हणजे आज साधारण दीड दिवसात निचरा. ३ सेंटिमीटर फरकावर तासाला १,६५० च्या आसपास. बांध पाच मीटर उंच केला तरी या गणितात काडीचा फरक पडत नाही.

आलेख

कोरगुटबाब, दिशा पटली, पण दोन दुरुस्त्या.

एक, आतले पाणी एका पातळीवर खिळून राहणार नाही. साठेल तसे चढेल आणि त्या चढीमुळेच बाहेरचा वेग वाढेल. म्हणजे निचरा कायमचा तुंबणार नाही, फक्त पाणी आतापेक्षा १५-२० सेंटिमीटर वरच्या पातळीवर बसेल. प्रश्न निचऱ्याच्या तासांचा कमी, त्या पातळीला भात तग धरतो का याचा जास्त. रोप लहान असेल तर नाही धरत.

दोन, आपल्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, ती खाली असते आणि नोव्हेंबर ते जानेवारी वर. किनाऱ्यालगतचे प्रवाह ऋतूप्रमाणे दिशा बदलतात म्हणून. निसर्गाने ही सूट ऐन निचऱ्याच्या काळात दिली आहे. तिच्यावर पाणी सोडू नका, हिशेबात धरा.

कोरगुट

दोन्ही मान्य. सूट माझ्या हिशेबात नव्हती. मग उलट बाजूही लिहायला हवी: बांधाच्या माथ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात. ३ डिसेंबर २०१७ आठवा. ओखी वादळ लांबून चालले होते, पौर्णिमेचे उधाण, त्यात हिवाळ्याची चढती पातळी. उत्तर गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाणी घुसले. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी आल्या की काय होते ते तेव्हा दिसले. मानस जुलैसाठी बांधायची आणि माथा डिसेंबरसाठी.

रानवाट

हे शेवटचे वाक्य मी लिहून ठेवले.

सुकती

मला इथे ठाम विरोध नोंदवायचा आहे. सगळे हवामान बदलावर ढकलणे हीच अनीती आहे.

आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, दोनापावलाच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच्या जुन्या नोंदी तपासल्या. चाळीस वर्षांहून लांब नोंदींतून निघालेला वेग वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर. पन्नास वर्षांचे धरले तर ५ ते ९ सेंटिमीटर. एवढ्याने शेकडो हेक्टर खाजने बुडाली नाहीत. ती बुडाली बार्जच्या लाटांनी, नदीतल्या रेती उपशाने, कुर्ल्यांची बिळे वेळेत न बुजवल्याने. आणि मानशीच्या मासळीच्या लिलावाने. भरतीला झडप उघडी ठेवली की मासे आणि कोळंबी आत येते, ठेकेदाराला जाळे भरून मिळते. शेताला खार. पूर्वी भौस, म्हणजे खाजनातल्या शेतकऱ्यांचा संघ, बांधाची देखरेख करायचा. मुक्तीनंतर, १९६४ च्या कूळ कायद्यापासून पुढे, जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली, आणि लिलावाचे उत्पन्न मोठे होत गेले तशी बऱ्याच ठिकाणी बांधाची राखण मागे पडली.

झडपेत अडकलेली फळी काढायला कुठल्याही हवामान मॉडेलची गरज नाही.

आलेख

सुकतीताई, आकडा बरोबर आहे, पण तो विसाव्या शतकाचा. जगाची सरासरी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेली होती. मागचा वेग पुढे ओढून भविष्य काढता येत नाही, कारण वेगच वाढतोय.

कारणांबद्दल मात्र तुम्ही म्हणता तेच खरे. आजवरच्या नुकसानात हेळसांडीचा वाटा मोठा. पण यातून मी उलटा निष्कर्ष काढतो: ज्या बांधाची डागडुजी होत नाही, त्याला आणखी २० सेंटिमीटर सोसवणार नाहीत. दोन कारणांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

खारफुटी

एक बाजू राहिली. बांध फुटला आणि दोन-तीन वर्षे तसाच राहिला की आत तिवर उगवते. मग ती जमीन शेत म्हणायची की कांदळवन? कायद्याने तिवर तोडता येत नाही, म्हणून बांध पुन्हा घालायलाच हरकत येते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत: खाजनांचे नकाशे काढा, तिथे विकासकामे नकोत, आणि खाजनांलगतच्या कांदळवनांचे संरक्षण करा. दोन्ही चांगल्या गोष्टी, पण एकाच तुकड्यावर आल्या की भांडतात.

माझे मत सांगते, मी तर नावाचीच खारफुटी. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला तिवरीचा पट्टा राखा, नसेल तर लावा. लाटेचा जोर तिथेच मोडतो आणि गाळ धरला जातो. आत उगवलेली कोवळी तिवर मात्र बांध वेळेत सांधला असता तर आलीच नसती. तिथे निसर्ग जिंकला असे म्हणून कुळाची जमीन सोडून देणे मला न्याय्य वाटत नाही. खाजन ही माणसाने शतकानुशतके राखलेली पाणथळ जागा आहे, तिलाही जगायचा हक्क आहे.

वाटसरू७

हॉलंडने केले तसे करा की. एकदाच उंच बांधा आणि विसरा.

चिरेबंद

विसरत कोणी नाही, वाटसरूभाई, तिथेही नाही. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली. त्यानंतर मध्य हॉलंडच्या किनाऱ्याला दहा हजार वर्षांत एकदा येईल अशा पाण्याचा निकष लावला, कारण बांधामागे शहरे आणि लाखो माणसे होती. आपल्या खाजनामागे भात, मासे आणि कडेची घरे आहेत. निकष मागे काय आहे त्यावर ठरतो. भाताच्या शेतात दहा वर्षांत एकदा पाणी शिरले तर पहिल्या दोन पावसांत मीठ बरेचसे धुऊन जाते, कोरगुटासारखे वाण उरलेले सोसतात. साध्या भाताचे तसे नाही. जमिनीतले क्षार मोजताना विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसिमेन्सच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी उतरते.

दीडदमडी

मग हिशेब पैशातच करावा. नुकसान किती, खर्च किती, आणि संपला वाद.

नातवंडांसाठी

तिथेच खरी मेख आहे. ८० वर्षांनी होणारे १ कोटीचे नुकसान आज किती समजायचे? निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये धरला तसा वर्षाला १.४ टक्के सूट-दर (पुढची रक्कम आजच्या मोलात आणताना दरवर्षी कापायचा दर) लावला तर साधारण ३३ लाख. बाजाराशी जुळणारा ५ टक्के लावला तर २ लाख. नुकसान तेच, शास्त्र तेच, समुद्रही तोच. फरक एवढाच की अजून न जन्मलेल्या माणसाच्या शेताला आपण किती मोल देतो. हा आकडा कुठल्याही उपग्रहाने मोजून मिळत नाही. तो तज्ज्ञाने गणितात गुपचूप घालू नये, ग्रामसभेत उघड मांडावा.

कलम

कायदाही इथे गप्प नाही. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याचे १५ वे तत्त्व सांगते: गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तर पुरते शास्त्रीय खात्रीलायक ज्ञान नाही, या सबबीवर उपाय लांबवू नयेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या खटल्यात हे सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि आपले काम पर्यावरणाला धोक्याचे नाही हे सिद्ध करण्याचा भार काम करणाऱ्यावर टाकला.

दीडदमडी

कलमताई, सावधगिरी दोन्हीकडे ओढता येते. सावधगिरी म्हणून काँक्रीटची भिंत घाला असे ठेकेदारही म्हणेल. चिखलावर ती तडकते, कुर्ली-माशांची जागा जाते, आणि पुढच्या पिढीला ती उंचही करता येत नाही.

कलम

म्हणूनच तत्त्वातले 'भरून न येणाऱ्या' हे शब्द महत्त्वाचे. बांध ३० सेंटिमीटरने कमी पडला तर चढवता येतो. खाजनात मातीचा भराव घालून घरे उठली तर ते पुन्हा खाजन होत नाही, शिवाय पाणी साठण्याची जागा गेल्याने शेजारच्या शेताची पातळी वाढते. मग अनिश्चिततेचा फायदा कोणाला द्यायचा? बांधाच्या बाबतीत मी मध्यम आकड्यावर समाधानी आहे. भरावाच्या परवानगीला मात्र पट्ट्याचे वरचे टोक, आणि त्याच्याही वरचे शेपूट लावावे. एकाच गावात दोन आकडे वापरणे विसंगत नाही. चुकीची किंमत वेगळी, म्हणून आकडा वेगळा.

सुकती

हे मला मनापासून पटले. आणि यात एक भर: जो भराव घालतो तो त्याचे पाणी भोगत नाही. भोगते ते कूळ. ज्याच्या अंगावर चूक येणार त्याची संमती नसेल, तर आकडा कितीही शास्त्रीय असो, निर्णय अन्यायाचाच.

मांडवीकाठ

सगळ्यांचे वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. अंदाजपत्रकात माझ्या मते असे जावे.

माथा आत्ता ३० सेंटिमीटर चढवायचा, पण तळ पुढच्या आणखी ३० सेंटिमीटरला पुरेल एवढा रुंद आत्ताच घ्यायचा. चिरेबंदबाबांच्या उतारावर म्हणजे जादा ९० सेंटिमीटर रुंदी. जुन्या मानशीशेजारी दुसरे दार, कारण ओहोटीचा वेळ वाढवता येत नाही, वाट वाढवता येते. झडपेची किल्ली आणि लिलाव एका हातात नकोत. आणि मानशीच्या भिंतीवर मापपट्टी, रोजची नोंद वहीत. पाच वर्षांच्या नोंदीत पातळी ठरल्यापेक्षा वर गेली की दुसरा टप्पा.

आलेख

पाच वर्षांवर टप्पा ठरवू नका. चंद्राच्या कक्षेमुळे भरतीच्या उंचीत १८.६ वर्षांचे चक्र असते, शिवाय एखाद्या वर्षी समुद्र वाऱ्या-प्रवाहांमुळे काही सेंटिमीटर वर-खाली राहतो. पाच वर्षांत खोटी धोक्याची घंटाही वाजेल आणि खोटा दिलासाही मिळेल. गावच्या पट्टीची तुलना दरवर्षी मुरगावच्या नोंदीशी करा. दोन्ही सारखे चढले तर समुद्र चढला. फक्त तुमची पट्टी चढली तर नदीत गाळ, किंवा पट्टी बसवलेली भिंतच खचतेय.

मांडवीकाठ

मग भिंत खचतेय हे कसे कळणार? मानशीही त्याच चिखलावर उभी आहे.

पाटाचे पाणी

पट्टीचे शून्य डोंगराच्या बाजूला, जांभ्या खडकावर कोरलेल्या खुणेला जोडायचे. देवळाच्या किंवा चर्चच्या जुन्या जोत्यावर केली तरी चालेल, फक्त जोते चिखलावर नको, कातळावर हवे. दरवर्षी मे महिन्यात लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून खूण ते पट्टी फरक मोजायचा आणि त्याच वहीत लिहायचा. दोन तासांचे काम आहे. जाताना एकदा आणि परतताना एकदा मोजा. दोन्हींत ५ मिलिमीटरहून जास्त तफावत आली तर पुन्हा मोजा.